लाळ एकाची, माहिती साऱ्या गणगोताची

घरबसल्या करायच्या डीएनए चाचण्यांविषयी आलेली पत्रे ‘वाचकांचे प्रश्न’ या सदरात या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे व ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न : माझा मुलगा आणि सून न्यू जर्सीला असतात. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघे तिकडे गेलो असताना सूनबाईने नाताळच्या सवलतीत ‘ट्वेंटीथ्री अँड मी’चे चार संच मागवले आणि आम्ही सगळ्यांनी हौसेने लाळ दिली. पुढे ती कंपनी दिवाळखोरीत निघाल्याचे व विकली गेल्याचे वाचले. आमची माहिती आता नेमकी कोणाच्या ताब्यात आहे, आणि ती पुसून टाकता येते का?
— एक निवृत्त शिक्षक, पुणे

उत्तर : पुसून टाकता येते, पण पूर्णपणे नाही. हे असे का, ते समजण्यासाठी त्या कंपनीचा इतिहास थोडक्यात पाहावा लागेल.

२००६ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या या कंपनीकडे पुढे सुमारे दीड कोटी ग्राहकांची आनुवंशिक माहिती जमा झाली. अशा धंद्यात मूळचीच एक अडचण असते. माणूस आयुष्यात एकदाच चाचणी करतो, त्याला दुसरा संच विकता येत नाही. त्यामुळे जमलेल्या माहितीच्या आधारे औषध कंपन्यांशी करार करणे हा या व्यवसायाचा मोठा आधार ठरला. २०१८ मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या औषध कंपनीने तिच्यात ३० कोटी डॉलर गुंतवले, ते या माहितीच्या साठ्याकडे पाहूनच. तरीही गणित जमले नाही. मार्च २०२५ मध्ये कंपनीने मिसूरी राज्यातील न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच सुमारास कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनी आपल्या राज्यातील ग्राहकांना माहिती पुसून टाकण्याच्या हक्काची जाहीर आठवण करून दिली. लिलावात रीजनेरॉन या औषध कंपनीने २५.६ कोटी डॉलरची बोली लावली होती. अखेरीस कंपनीच्या सहसंस्थापक ॲन वोजित्स्की यांच्याच ‘टीटीएएम रिसर्च इन्स्टिट्यूट’ या ना-नफा संस्थेने ३०.५ कोटी डॉलर देऊ केले आणि जुलै २०२५ मध्ये व्यवहार पूर्ण झाला. ग्राहकांची संमती न घेता अशी विक्री होऊ नये म्हणून पंचवीसहून अधिक अमेरिकी राज्यांनी मध्येच न्यायालयात धाव घेतली होती. नव्या संस्थेने जुनीच गोपनीयतेची अभिवचने पाळण्याचे व माहिती पुसण्याचा हक्क कायम ठेवण्याचे मान्य केले आहे.

तेव्हा तुमची माहिती आज त्या संस्थेकडे आहे. मला यातला चिंतेचा भाग वेगळाच वाटतो. कंपनीच्या गोपनीयता धोरणात विक्रीच्या आधीपासून एक कलम होते, की विलीनीकरण, विक्री किंवा दिवाळखोरी झाल्यास ग्राहकांची माहिती नव्या मालकाकडे जाऊ शकते. म्हणजे विक्रीच्या वेळी कोणाची फसवणूक झाली असे म्हणता येत नाही. ज्या पानावर आपण न वाचता ‘मान्य’ म्हटले, त्यातच ते लिहिलेले होते. रुग्णालयातील कागदपत्रांना अमेरिकेत जो आरोग्यविषयक गोपनीयतेचा संघीय कायदा लागू होतो, तो अशा थेट ग्राहकाला संच विकणाऱ्या कंपन्यांना सहसा लागू होत नाही, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

आता करायचे काय, ते सांगतो. पहिल्यांदा सूनबाईंना हे विचारा की चारही नळ्यांवरील बारकोड कोणाच्या खात्यात नोंदवले होते. एकाच ईमेलवर घरातल्या सर्वांची नोंद झालेली असण्याचा संभव मोठा आहे, आणि तसे असेल तर तुमची माहिती पुसण्याची विनंतीही त्याच खात्यातून करावी लागेल. खात्याच्या ‘सेटिंग्ज’मध्ये माहिती कायमची काढून टाकण्याचा पर्याय असतो, तो निवडल्यावर ईमेलवर आलेल्या दुव्यावरून पुन्हा एकदा खातरजमा करावी लागते. ही दुसरी पायरी राहून गेली तर विनंती पूर्णच होत नाही. लाळेचा उरलेला नमुना जपून ठेवण्यास तुम्ही होकार दिला असेल, तर तो नष्ट करण्याची सूचना आणि संशोधनासाठी दिलेली संमती मागे घेण्याची सूचना याच वेळी द्यावी.

पुसण्यापूर्वी कच्ची माहिती उतरवून घ्यायची का, हा निर्णय विचारपूर्वक घ्या. ती एक साधी मजकुराची फाइल असते. तिच्यात सहा लाखांच्या आसपास ओळी असतात आणि प्रत्येक ओळीत एक क्रमांक, गुणसूत्र, त्यावरील जागा आणि ‘एजी’, ‘सीसी’ अशी दोन अक्षरे, एवढेच. दिसायला निरर्थक वाटणारी ही फाइल कोणाच्याही हाती लागली तर दुसऱ्या संकेतस्थळावर चढवून तुमचे नातेवाईक शोधता येतात. ती व्हॉट्सॲपवर पाठवू नका आणि मुलाच्या संगणकावर उघडी ठेवू नका.

आणि जे पुसले जात नाही ते असे : प्रयोगशाळांना लागू असलेल्या कायद्यांमुळे आनुवंशिक माहिती, जन्मतारीख आणि लिंग यांची नोंद कंपनी व प्रयोगशाळा जपून ठेवतात, आणि संमती मागे घेण्यापूर्वी ज्या संशोधनात तुमची माहिती वापरली गेली, तिथून ती परत काढता येत नाही.

प्रश्न : माझ्या चुलतभावाने लंडनमध्ये अशी चाचणी केली आहे. मी केलेली नाही, करणारही नाही. मग मला काळजीचे कारण नाही, असे मानावे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : असे मानता येत नाही, आणि या सगळ्या विषयाचे मर्म मला तुमच्याच प्रश्नात दिसते. सामाईक सातबाऱ्यावरील अख्खी जमीन एका हिस्सेदाराच्या सहीने विकली जात नाही; डीएनएच्या बाबतीत मात्र एकाची सही सगळ्यांना बांधते. सख्ख्या भावंडांचा सरासरी अर्धा डीएनए सारखा असतो, सख्ख्या चुलत, आते, मामे, मावस भावंडांचा सरासरी साडेबारा टक्के. तुमच्या चुलतभावाने नळीत जी लाळ दिली, तिच्यासोबत तुमचा तेवढा हिस्सा त्याने तुम्हाला न विचारता दिला.

याचा व्यवहारातला अर्थ २०१८ मध्ये जगाला कळला. कॅलिफोर्नियात १९७४ ते १९८६ या काळात १३ खून आणि अनेक बलात्कार करणारा जोसेफ जेम्स डीअँजेलो हा माजी पोलीस चाळीसहून अधिक वर्षे सापडला नव्हता. पोलिसांनी जुन्या नमुन्यातून काढलेली माहिती ‘जीईडीमॅच’ या वंशावळ शोधणाऱ्यांच्या खुल्या संकेतस्थळावर चढवली, त्यातून त्याचे दूरचे नातेवाईक सापडले, त्यांच्या वंशवेली उलगडत पोलीस त्याच्यापर्यंत पोहोचले. त्याने स्वतः कोणतीही चाचणी केलेली नव्हती. असा नराधम सापडला याबद्दल कोणाला वाईट वाटण्याचे कारण नाही, मलाही वाटत नाही. पण ज्या नातेवाइकांनी आपला खापरपणजोबा शोधण्यासाठी माहिती दिली होती, ती तपासयंत्रणेच्या कामी येईल हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. टीका झाल्यावर मे २०१९ मध्ये जीईडीमॅचने पोलिसांसाठी वेगळी संमती घेण्यास सुरुवात केली. पुढे जुलै २०२० मध्ये त्या संकेतस्थळावर हल्ला झाला आणि ज्यांनी नकार दिला होता त्यांचीही माहिती काही तास पोलिसांच्या शोधासाठी खुली झाली. नकाराची खूण संगणकाच्या एका रकान्यात असते, आणि तो रकाना बदलता येतो.

डीअँजेलोच्या अटकेनंतर काही महिन्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे १२ लाख ८० हजार जणांच्या माहितीसाठ्यावरून संशोधकांनी दाखवले की युरोपीय वंशाच्या सुमारे ६० टक्के अमेरिकी व्यक्तींचा, खापरपणजोबा एक असलेला किंवा त्याहून जवळचा, एखादा नातेवाईक त्यात सापडू शकतो. हा आकडा आपल्याला जसाच्या तसा लागू करू नये. या साठ्यांमध्ये भारतीय माणसे तुलनेने फारच थोडी आहेत. मात्र परदेशातल्या मराठी कुटुंबांत या संचांची हौस वाढते आहे, आणि पिढ्यान्पिढ्या ठरावीक घराण्यांतच सोयरिकी होत आल्यामुळे आपल्याकडे थोड्या लोकांच्या माहितीवरूनही पुष्कळांचा माग लागू शकतो.

दुसरा धोका चोरीचा. ट्वेंटीथ्री अँड मीच्या बाबतीत २०२३ मध्ये चोरांनी इतरत्र फुटलेले पासवर्ड वापरून सुमारे १४,००० खाती उघडली. पण ‘नातेवाईक दाखवा’ या सोयीमुळे त्या खात्यांतून सुमारे ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली. त्या ६९ लाखांतील बहुतेकांचे पासवर्ड शाबूत होते. ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने या प्रकरणी जून २०२५ मध्ये कंपनीला २३.१ लाख पौंडांचा दंड केला.

तुम्ही करू शकता ते एवढेच, की चुलतभावाला स्पष्ट सांगा : पासवर्ड वेगळा ठेव, दुहेरी पडताळणी सुरू कर, नातेवाइकांच्या यादीत आडनाव व गावाचे नाव दाखवू नकोस, आणि माझे नाव त्या वंशवृक्षात भरू नकोस. शेवटची सूचना बहुतेक जण विसरतात. वंशवृक्षात जिवंत नातेवाइकांची पूर्ण नावे व जन्मसाले हौसेने भरणारा एखादा उत्साही भाऊ प्रत्येक घरात असतोच.

प्रश्न : माझे पती तीन वर्षांपूर्वी वारले. शेतीच्या वाटणीवरून धाकटे दीर म्हणतात की माझी मुलगी त्यांच्या भावाची नाहीच, आणि मुलीचे केस किंवा दात घासायचा ब्रश लॅबला पाठवून ते सिद्ध करून दाखवू. मुलगी नऊ वर्षांची आहे. असे कोणी परस्पर करू शकते का?
— एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : ताई, आधी मालमत्तेपुरते सांगतो, कारण धमकीचे मूळ तिथे आहे. वैध विवाह टिकून असताना जन्मलेले मूल पतीचेच, असे कायदा निर्णायकपणे मानतो. जुन्या पुरावा कायद्याचे कलम ११२ होते, तेच १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ११६ आहे. हे गृहीतक मोडायचे तर गर्भधारणेच्या काळात पतिपत्नींना एकत्र येण्याची संधीच नव्हती, हे समोरच्याने सिद्ध करावे लागते. संशय घेऊन किंवा ब्रश पाठवून ते मोडत नाही. मुलांच्या डीएनए चाचणीचे आदेश सरसकट देऊ नयेत, मुलालाही आपल्या ओळखीच्या गोपनीयतेचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बजावले आहे. क्वचित प्रसंगी न्यायालय चाचणीचा आदेश देते, पण तो न्यायालयाने द्यायचा असतो, दिरांनी नव्हे.

चोरून केलेल्या चाचणीला पुरावा म्हणून फारशी किंमत नसते. नमुना कोणाचा, तो कोणासमोर घेतला, कसा मोहोरबंद केला, याची साखळी नसते, आणि म्हणूनच अशा लॅब आपल्या अहवालावर ‘केवळ माहितीसाठी’ असे छापतात. शिवाय तुमचे पती हयात नसल्याने तुलना काका आणि पुतणी यांच्यात करावी लागेल. त्यांचा डीएनए सरासरी पाव हिस्सा जुळतो. त्यावरून निघते ती शक्यतेची टक्केवारी, आणि त्या टक्केवारीचा गावात हवा तसा अर्थ लावता येतो. खरा धोका हाच आहे. न्यायालयात न टिकणारा कागद भावकीत वर्षानुवर्षे फिरतो आणि तो त्या मुलीला सोसावा लागतो.

दुसऱ्याच्या केसांचा किंवा लाळेचा डीएनए चोरून तपासणे हा ब्रिटनमध्ये २००४ च्या मानवी ऊती कायद्याने गुन्हा ठरवला आहे. आपल्याकडे असा स्वतंत्र गुन्हा नाही. डीएनए तंत्रज्ञानाच्या वापरावर नियंत्रण आणणारे विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले होते, परंतु २०२३ मध्ये ते मागे घेण्यात आले. त्या विधेयकावर गोपनीयतेच्याच बाजूने पुष्कळ आक्षेप होते आणि ते रास्तही होते; पण ते गेल्यावर त्याच्या जागी काही आले नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. त्यानुसार १८ वर्षांखालील मुलांची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते. पण नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरील बहुतेक बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत.

म्हणून वाट पाहू नका. मुलीची नैसर्गिक पालक या नात्याने तुमची संमती नाही आणि कोणत्याही प्रयोगशाळेत तिचा नमुना तपासू नये, अशी लेखी नोटीस वकिलामार्फत दिरांना द्या. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. वाटणीचा दावा दाखल झाला तर वारस म्हणून मुलीचे नाव त्यात आहे ना, एवढे पहिल्याच तारखेला पाहून घ्या.

प्रश्न : आम्ही आमच्या लेकीला नाशिकमधल्या एका संस्थेतून ती चार महिन्यांची असताना घरी आणले. आता ती तेवीस वर्षांची आहे, सगळे तिला ठाऊक आहे, आणि तिला डीएनए चाचणी करून जन्मदात्या आईचा शोध घ्यायचा आहे. आम्ही अडवावे का? तिच्या हक्काइतकाच त्या बाईंचाही विचार मनात येतो.
— एक आई, नाशिक

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्यामुळे मला उत्तर देणे सोपे झाले. अडवू नये, पण पहिली पायरी डीएनएची नसावी.

२०२२ च्या दत्तक नियमावलीत मूळ शोधाची रीतसर सोय आहे. अठरा वर्षांवरील दत्तक व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते, आणि संस्था, जिल्ह्यातील बाल संरक्षण यंत्रणा व केंद्रीय दत्तक प्राधिकरण यांनी तिला मदत करावी असे अपेक्षित आहे. मूल स्वाधीन करताना आईने नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली असेल, तर तिची संमती घेतल्याशिवाय ओळख उघड करता येत नाही. त्रयस्थाने केलेला मूळ शोध तर नियमांना मंजूरच नाही. ही बंधने लेकीला जाचक वाटतील. पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वी एखादी अविवाहित मुलगी घरच्यांना न कळवता, किंवा घरच्यांनीच धाडल्यामुळे, संस्थेत येऊन बाळंत झाली असेल आणि आज तिचा संसार, नवरा, मोठी मुले असतील, तर तिला दिलेला शब्द हा तिच्या आजच्या आयुष्याचा आधार असू शकतो.

डीएनए चाचणी नेमका हा शब्द वगळून पुढे जाते. त्या बाईंनी चाचणी केलेली असण्याची गरज नाही. त्यांची एखादी भाची टोरांटोत असेल आणि तिने संच वापरला असेल, तर तुमच्या लेकीच्या पडद्यावर एक नाव, एक छायाचित्र आणि ‘जवळचे नाते’ असा शेरा उमटेल. त्याच क्षणी त्या भाचीच्या पडद्यावरही तुमच्या लेकीचे नाव उमटलेले असेल. ती भाची संध्याकाळी भारतात फोन लावून मावशीला सगळ्यांसमोर विचारणार नाही, याची हमी कोण देणार? महाराष्ट्रातील संस्थांमधून पूर्वी अनेक मुले नेदरलँड्स, स्वीडन, अमेरिका येथे दत्तक गेली आणि त्यांच्यातील काहींनी मोठेपणी असाच शोध घेतला आहे. हाती लागते ते बहुतेकदा दूरच्या नातेवाइकांचे एक जाळे असते, आणि ते जाळे उलगडताना प्रत्येक अनोळखी माणसाला काहीतरी सांगावे लागते.

म्हणून माझा सल्ला असा आहे. आधी संस्थेतील मूळ कागद व रीतसर अर्ज. त्यातून काही निघाले नाही आणि लेकीचा निर्धार कायम असला, तर एकच कंपनी निवडावी, खात्यात स्वतःचे पूर्ण नाव व छायाचित्र टाकू नये, आणि नातेवाइकांना दिसण्याची सोय सुरुवातीला बंद ठेवावी. वंश आणि प्रदेश यांचा अहवाल त्याविनाही मिळतो. ती सोय सुरू करायची झाली तर जवळचे नाते दिसल्यास पहिला संदेश कोणी लिहायचा आणि त्यात काय लिहायचे नाही, हे आधी ठरवा. पहिल्या संदेशात दत्तक, आई, जन्म हे शब्द असू नयेत. दत्तक विषयातील समुपदेशक मध्यस्थ म्हणून मिळाला तर उत्तम. अहवाल उघडताना तिच्या शेजारी बसण्याची परवानगी मात्र तिच्याकडे मागा; ती कदाचित नको म्हणेल.

प्रश्न : आमच्या समाजाच्या वधुवर मेळाव्यात काही तरुणांनी सुचवले की डीएनए चाचणीने कुळ, गोत्र आणि पोटजात सिद्ध करून नोंदणी करावी. हे शक्य आहे का?
— मंडळाचे एक कार्यकर्ते, ठाणे

उत्तर : गोत्र डीएनएत नसते. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राच्या आणि हार्वर्डच्या संशोधकांनी २००९ मध्ये भारतातील २५ समूहांच्या अभ्यासातून दाखवले, की आपण बहुतेक सगळे दोन प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून आलो आहोत, फक्त प्रमाण कमीअधिक आहे. पुढच्या अभ्यासातून असे दिसले की हे मिश्रण साधारण १,९०० ते ४,२०० वर्षांपूर्वीच्या काळात झाले आणि नंतर विवाह जातींच्या आत बंदिस्त झाले. घराण्याची शुद्धता सिद्ध करू पाहणाऱ्यांना हा निष्कर्ष फारसा मानवणार नाही.

तुमच्या मंडळाने हे करू नये असे मी म्हणतो, त्याचे कारण मात्र वेगळे आहे. विवाह बंदिस्त राहिल्यामुळे पुरेशी माहिती जमली तर संगणक माणसांचे समाजवार गट पाडू शकतो. ट्वेंटीथ्री अँड मीच्या वर्गवारीत ‘गुजराती पाटीदार’ असा गट आहेच. २०२३ च्या चोरीनंतर चोरांनी अश्केनाझी (म्हणजे मध्य व पूर्व युरोपातून आलेल्या) ज्यू आणि चिनी वंशाच्या ग्राहकांच्या याद्या वेगळ्या करून विक्रीला काढल्या होत्या. जिथे आडनावावरून भाड्याचे घर नाकारले जाते, तिथे एखाद्या मंडळाच्या कपाटात किंवा कोषाध्यक्षांच्या लॅपटॉपवर शेकडो मुलामुलींची डीएनए यादी असणे मला भयावह वाटते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल असलेल्या घरांत तर हे अहवाल नाती असतील त्याहून जवळची दाखवतात, आणि त्यावरून उठणारे गैरसमज मंडळालाच निस्तरावे लागतील.

प्रश्न : खोटे नाव आणि नवीन ईमेल वापरून चाचणी केली तर चालेल का?
— एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : चोरीच्या वेळी नाव फुटणार नाही, इतका उपयोग आहे. पण पैसे ज्या कार्डाने दिले आणि संच ज्या पत्त्यावर आला ते खरेच असतात, आणि दोन मावसभावंडे त्या यादीत खऱ्या नावाने असली तर तुमचे नाव काढायला घरातल्या एखाद्या आत्याचीही गरज पडत नाही.

प्रश्न : माझ्या मावशीला आणि मावसबहिणीला स्तनांचा कर्करोग झाला. अमेरिकेतील दुसऱ्या मावसबहिणीने काही वर्षांपूर्वी घरगुती संचावर चाचणी केली, तिच्यात ‘बीआरसीए’ दोष, म्हणजे या कर्करोगाचा धोका वाढवणारा जनुकातील बदल, निघाला नाही. मीही तोच संच वापरावा का? आणि दोष निघाला तर विमा कंपनीला कळेल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तो संच वापरू नका, आणि बहिणीच्या निकालावर विसंबूनही राहू नका. ट्वेंटीथ्री अँड मीच्या ज्या बीआरसीए अहवालाला अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०१८ मध्ये परवानगी दिली, त्यात फक्त तीन बदल तपासले जात होते, आणि ते तिन्ही प्रामुख्याने अश्केनाझी ज्यू लोकांत आढळणारे आहेत. ‘बीआरसीए १’ आणि ‘बीआरसीए २’ या दोन जनुकांतील घातक बदल हजाराहून अधिक ज्ञात आहेत. मराठी कुटुंबातील स्त्रीसाठी त्या ‘दोष नाही’ या निकालाचा अर्थ जवळजवळ शून्य आहे.

विम्याबाबत : अमेरिकेत २००८ च्या कायद्याने आरोग्यविमा व नोकरी यांत आनुवंशिक माहितीवरून भेदभाव करण्यास मनाई आहे, पण आयुर्विमा त्याच्या बाहेर राहिला. भारतात असा कायदाच नाही. एचआयव्हीबाधितांशी विमा व नोकरीत भेदभाव करू नये असा कायदा आपण २०१७ मध्ये केला. जनुकांच्या बाबतीत तसे झालेले नाही. ‘आनुवंशिक विकार’ अशा सरसकट शब्दांखाली आरोग्यविम्याचे दावे नाकारणे भेदभावाचे आहे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले आणि त्यानंतर विमा नियामक प्राधिकरणानेही कंपन्यांना तशा सूचना दिल्या. पण कायदा असणे वेगळे. प्रयोगशाळा तुमचा अहवाल आपणहून विमा कंपनीला पाठवत नाही. प्रश्न येतो तो प्रस्ताव-अर्जावर. त्यात तपासण्यांविषयी किंवा घरातील आजारांविषयी थेट विचारले असेल, तर खोटे लिहू नका, कारण लपवलेली गोष्ट नंतर दावा फेटाळण्याचे निमित्त होते. म्हणून पुरेसा आरोग्यविमा व आयुर्विमा नसेल तर तो आधी घ्या, त्या अर्जातील उत्तरे खरी लिहा, आणि मग चाचणीकडे वळा. मात्र या कारणाने चाचणी महिनोन्‌महिने लांबवू नका.

चाचणी कर्करोगाच्या आनुवंशिकतेचे स्वतंत्र चिकित्सालय असलेल्या रुग्णालयात करा; मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयात ते आहे. शक्य असेल तर ज्या मावसबहिणीला आजार झाला तिची चाचणी आधी व्हावी, म्हणजे कुटुंबात नेमका कोणता बदल आहे ते कळेल आणि तुमच्यात तेवढाच शोधता येईल. संमतिपत्रावर सही करताना तीन गोष्टी विचारा : नमुना कोणत्या प्रयोगशाळेत जाणार, उरलेले रक्त किती दिवस ठेवणार, आणि संशोधनाच्या संमतीची चौकट वेगळी आहे का. ती वेगळी नसेल तर त्या ओळीवर काट मारून शेजारी सही करा आणि प्रत मागून घ्या.